अपक्ष आमदारालाही सरकारी भत्ता हवा का?

गोदाकाठ

राजकीय पक्षांना सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा का, हा विषय आपल्याकडे अधूनमधून उगवतो आणि मावळतो. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले तेव्हा आठवडाभर जो तो यावरच बोलत होता. मला त्याच्या पुढचं विचारायचंय: पक्षांना द्यायचं ठरलं, तर अपक्षांचं काय?

पक्षांना रोख अनुदान नाही हे खरं, पण फुकटात बरंच पदरात पडतं. हिशेब नीट ठेवले तर प्राप्तिकर माफ. मान्यताप्राप्त पक्षांना १९९८ पासून निवडणुकीत दूरदर्शन-आकाशवाणीवर मोफत वेळ. त्यांच्या उमेदवारांना मतदार यादी फुकट. त्यांच्या अर्जाला सूचक एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. त्यांचे स्टार प्रचारक ४०, आणि त्या मंडळींच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर चढत नाही. अपक्षाला चिन्हच माघारीच्या दिवसानंतर मिळतं, म्हणजे ते लोकांच्या डोक्यात बसवायला जेमतेम दोन आठवडे.

एवढं करून निवडून आलाच, तर पक्षाच्या आमदाराला विधानभवनात पक्षाचं कार्यालय, तिथली माणसं, तयार टिपणं. अपक्ष आपला पीए घेऊन फाइली चाळत बसणार.

आयर्लंडमध्ये अपक्ष खासदारालाही कामकाजासाठी वेगळा भत्ता असतो असं वाचलं. आपल्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाने २०२३ मध्ये अपक्षच निवडून दिला, तेव्हा हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. तुमचं मत काय? व्यक्तींवर घसरू नका एवढीच विनंती.

तर्रीवाला

व्यक्तींवर घसरायचं नाही, मग राजकारणाच्या धाग्यावर करायचं काय? असो, पहिली जागा माझी.

सातपूर_बी_शिफ्ट

साफ नाही. अपक्षाला नाही, पक्षालाही नाही. आमचा टीडीएस पगार हातात पडायच्या आधी कापतात. त्यातून यांचे फ्लेक्स छापायचे? आमदाराला पगार आहे, पीए आणि ड्रायव्हरचे पैसे आहेत, वर आमदार निधी. अजून किती?

गोदाकाठ

@सातपूर_बी_शिफ्ट, आमदार निधी रस्ते, सभामंडप, शाळेच्या खोल्या यांसाठी असतो. तो आमदाराच्या हातात येत नाही, कामं मंजूर होऊन जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत खर्च पडतो. विधेयक समजून घ्यायला अभ्यासू माणूस ठेवायचा तर त्यातून एक रुपया काढता येत नाही.

सातपूर_बी_शिफ्ट

कागदावर. ठेकेदार कोणाचा असतो ते विचारा.

जुना_पंचवटीकर

नाशिकची सर्वांत स्वस्त निवडणूक सांगतो. १९६३ ची लोकसभा पोटनिवडणूक. चीनच्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यांना लोकसभेत जागा हवी होती. नाशिकने बिनविरोध पाठवले. प्रचार नाही, स्लिपा नाहीत, जेवणावळी नाहीत. सरकारी अनुदानाचा प्रश्नच मिटला. आमचे वडील गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, रोज संध्याकाळी ही गोष्ट नव्या माणसाला ऐकवत.

तर्रीवाला

काका, आता बिनविरोध करायचा म्हटला तर मतदानापेक्षा जास्त खर्च येतो.

डब्लिनकर

मूळचा इंदिरानगरचा, बरीच वर्षं डब्लिनमध्ये. इथे हा वादाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे दोन वेगळे पैसे आहेत आणि लोक ते एकत्र कालवतात. पहिला १९९७ च्या निवडणूक कायद्याखालचा. सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्या पसंतीची किमान २ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षालाच तो मिळतो. अपक्षाला यात काही नाही. दुसरा संसदीय कामकाजाचा भत्ता, तो अपक्षालाही मिळतो. आधी त्याचं नाव नेत्याचा भत्ता होतं, २०१४ च्या कायद्याने नाव आणि नियम बदलले. तेव्हाचे दर: कनिष्ठ सभागृहातल्या अपक्षाला वर्षाला ३७,०३७ युरो, सिनेटमधल्या अपक्षाला २१,०४५. पक्षाला माणशी मोजतात: पहिल्या १० सदस्यांसाठी प्रत्येकी ६४,३६८, पुढच्या २० साठी ५१,४९३, त्यानंतर २५,७५४. सत्तेतल्या पक्षाच्या रकमेला एक तृतीयांश कात्री, कारण त्यांच्या दिमतीला अख्खं मंत्रालय असतं. हे पैसे निवडणुकीवर खर्च करता येत नाहीत. संशोधन, धोरण, कार्यालय, प्रशिक्षण असल्या कामांसाठीच.

आता गंमत. २०१४ पर्यंत पक्षांना हिशेब द्यावा लागे, अपक्षांना नाही! पैसा करमुक्त आणि पावती कोणी मागत नाही. त्यावरून इथल्या पेपरांनी चांगलीच झोड उठवली. आता अपक्षांनाही हिशेब द्यावा लागतो आणि तो लोकांना बघता येतो.

वकीलबाई_निफाड

@डब्लिनकर, पक्ष सोडला तर भत्ता कोणाकडे जातो?

डब्लिनकर

अचूक प्रश्न. २०१३ मध्ये गर्भपाताच्या विधेयकावर सत्ताधारी फिन गेलचे काही सदस्य व्हिपविरुद्ध (पक्षाच्या मतदानाच्या आदेशाविरुद्ध) गेले, त्यांना संसदीय पक्षातून काढलं. तेव्हाच्या नियमाने त्यांच्या डोक्यावरचा भत्ता पक्षाच्याच खात्यात पडत राहिला. माणूस गेला, त्याचे पैसे राहिले.

तर्रीवाला

आपल्याकडे माणूस जातो, पक्ष घेऊन जातो, चिन्ह घेऊन जातो. भत्ता मागे ठेवेल?

वकीलबाई_निफाड

विनोद बाजूला ठेवला तर खरी मेख तिथेच आहे. शिवसेनेचं नाव-चिन्ह कोणाचं हे निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला ठरवलं, राष्ट्रवादीचं ६ फेब्रुवारी २०२४ ला. दोन्हीकडे आमदार बाहेर पडल्यापासून निकाल लागेपर्यंत कित्येक महिने गेले. त्या काळात पक्षाच्या नावाचा सरकारी धनादेश कोणाच्या खात्यात टाकायचा? दोन्ही गट कोर्टात. म्हणजे आम्हा वकिलांचं भलं.

अपक्षाची स्थिती राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीत, जास्त कडक आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस नंतर कोणत्याही पक्षात शिरला की अपात्र. पक्षाच्या आमदारांना निदान दोन तृतीयांश गोळा करून विलीनीकरणाची पळवाट आहे, एकट्याला तीही नाही. म्हणून आपले अपक्ष प्रवेश करत नाहीत, पाठिंब्याचं पत्र देतात. १९९५ ला ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यातल्या पुष्कळांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भाजप युतीचं सरकार उभं राहिलं. आता सांगा, अशा अपक्षाला विरोधकाचा पूर्ण भत्ता द्यायचा की सत्ताधाऱ्याचा कापलेला?

डब्लिनकर

हेच इथे घडलं! जानेवारी २०२५ मध्ये काही अपक्ष सरकारला पाठिंबा देत होते आणि बोलण्याचा वेळ मात्र विरोधी बाकांच्या वाट्यातला मागत होते. एवढा गोंधळ झाला की पंतप्रधानांची निवड एक दिवस पुढे गेली.

तर्रीवाला

वाचून बरं वाटलं. युरोपातही आपलीच माणसं आहेत.

कांदाचाळ

लासलगावकडून. मतांवर पैसे द्यायचे म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या दिंडोरीकडे बघावं. २०२४ च्या लोकसभेला शरद पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. यादीत एका अपक्षाला नुसती तुतारी. आडनाव पण तेच, भगरे. सभा नाही, गाडी नाही, आमच्या गावात तर कोणी तोंड पाहिलेलं नाही. मतं लाखाच्या वर! भास्कर भगरे सर लाखाहून जास्त फरकाने निवडून आले म्हणून बरं, नाहीतर निकाल पालटला असता. मताला दहा रुपये धरले तर त्या अपक्षाला घरबसल्या दहा लाख. असं अनुदान सुरू करा, पुढच्या वेळी प्रत्येक मतदारसंघात एका नावाचे पाच-पाच उभे राहतील. नाव जुळणाऱ्या माणसाचा भाव द्राक्षापेक्षा वर जाईल.

मृण्मयी_जे

+१. दिंडोरीचं उदाहरण इतकं चपखल आहे की वेगळा धागा काढावा.

गोदाकाठ

@कांदाचाळ, मान्य. पण माझा प्रश्न उभ्या राहिलेल्या अपक्षाचा नव्हता, निवडून आलेल्याचा होता. तिथे मतं मोजायचीच नाहीत, माणूस मोजायचा. खर्च तरी किती? १९९५ ला ४५ अपक्ष होते, २०१९ ला १३, २०२४ ला विधानसभेत फक्त २. दोघांना एकेक अभ्यासू सहायक दिला तर तिजोरी बुडेल का?

सातपूर_बी_शिफ्ट

आज दोन. भत्ता सुरू करा, मग बघा किती होतात. बंडखोरी करायला आणखी एक कारण. आपल्याकडे खरा अपक्ष आहे कुठे? तिकीट कापलं की अपक्ष, तिकीट मिळालं की निष्ठावंत.

एबी_फॉर्म_वंचित

सातपूरकर, तुमचं निम्मं खरं आहे. मी महापालिकेला अपक्ष लढलोय, सिडकोच्या बाजूला. कोणाचा बंडखोर नव्हतो, एबी फॉर्म (पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र) आधीपासूनच कोणी देणार नव्हतं. हरलो, डिपॉझिट गेलं, त्याचं दुःख नाही. पण त्या दिवसांत काय लागतं ते सांगतो. प्रत्येक बूथला आपला एक माणूस, त्याचा चहा-नाश्ता, डबा. स्लिपा. एक रिक्षा भोंग्यासकट. खर्चाचं रजिस्टर रोज लिहायला एक पोरगा, कारण चहापासून खुर्चीपर्यंत सगळ्याचं सरकारी दरपत्रक असतं आणि आमच्या खऱ्या खर्चापेक्षा त्या दरपत्रकाने लावलेला खर्च जास्त निघतो. पक्षाच्या उमेदवाराकडे हे सांभाळायला सीए बसलेला. माझ्याकडे मेव्हणा.

मला कोणी पैसे देऊ नयेत. मतदार यादी फुकट द्या, तीही वापरता येईल अशा फाइलमध्ये. आणि चिन्ह लवकर द्या. एवढं मिळालं असतं तरी मी रडलो नसतो.

मृण्मयी_जे

हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत कामाचा आहे.

आयर्लंडचं आणखी एक मला आवडलं. @डब्लिनकर, ते महिला उमेदवारांचं खरं आहे ना? पक्षाने ठरलेल्या टक्क्यांएवढ्या बायका उभ्या केल्या नाहीत तर निम्मं अनुदान कापतात?

डब्लिनकर

हो. २०१२ च्या कायद्याने अट आली, आधी ३० टक्के, २०२३ पासून ४०. पहिल्या निधीचा निम्मा भाग जातो. म्हणून पक्ष झक मारत बायकांना तिकीट देतात.

मृण्मयी_जे

बघा, सरकारी पैशाचा खरा उपयोग हा! पैसा दिला की अट घालता येते. आपल्या विधानसभेत बायका दहा टक्क्यांच्याही खाली. नाशिक शहर आणि भोवतालचं मात्र कौतुक: मध्य, पश्चिम आणि देवळाली, तिन्हीकडे २०१९ लाही महिला आणि २०२४ लाही.

जुना_पंचवटीकर

मृण्मयीताई, नाशिकमध्ये बायकांचंच चालतं, घरी विचारा.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. खोक्यांवरचे विनोद पुरे. विषयाला धरून लिहावे.

वकीलबाई_निफाड

आपल्याकडचा इतिहासही नोंदवते, म्हणजे चर्चा डब्लिनहून परत येईल. १९९८ ला इंद्रजित गुप्ता समिती नेमली होती, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी तिच्यावर होते. समितीने सरकारी मदतीला तत्त्वतः हो म्हटलं, पण रोख नको, वस्तुरूपात द्या: इंधन, कागद, लाऊडस्पीकर, फोन, मतदार यादी. निधीचा हिशेब मतदारामागे दहा रुपये. आणि मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना. अपक्षांना स्पष्ट नकार. २०१५ ला विधी आयोगाच्या २५५ व्या अहवालाने पूर्ण सरकारी खर्चाची निवडणूक सध्या शक्य नाही म्हणून सांगितलं. पुढे काही झालं नाही.

अपक्षांवर हा राग का, तर १९९६. तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते, मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली. नलगोंडा लोकसभेला ४८०. त्याच वर्षी लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १०,००० झालं. आता ते २५,००० आहे, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना निम्मं.

कांदाचाळ

२५,००० ने काही अडत नाही. २०१९ ला निझामाबादला हळदवाल्या शेतकऱ्यांनी अर्ज भरले, एकूण १८५ उमेदवार. कांद्याच्या निर्यातबंदीच्या वेळी आमच्याकडे पण बोलणं झालं होतं असं करायचं. मग कोणीतरी म्हणालं, दहा सूचक कुठून आणायचे, सगळेच उमेदवार!

सीए_कॉलेजरोड

उशिरा आलो, रिटर्नचा सीझन. एक मुद्दा सगळ्यांनी सोडला. पक्षांना सरकारी पैसा आजही जातोय, तुमच्या-आमच्या करसवलतीतून. कलम ८० जीजीसी. पक्षाला चेकने किंवा ऑनलाइन देणगी दिली की ती उत्पन्नातून वजा. कलम मुळात चांगलं आहे, लोकांनी पांढरा पैसा द्यावा म्हणून. झालं काय, नोंदणी असलेले पण मान्यता नसलेले दोन हजारांवर पक्ष, त्यातल्या काहींनी दुकान उघडलं. एक लाख द्या, पावती घ्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत घ्या. अंबडच्या कंपन्यांतले चांगले पगारदार लोक यात सापडलेत, आणि आता नोटिसा घेऊन माझ्या टेबलासमोर बसतात. पक्षाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, पावती काढून वाचतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने असे ३३४ पक्ष यादीतून काढले, वर्षानुवर्षं निवडणूकच लढवली नव्हती म्हणून.

आणि इथे अपक्षाची बाजू बघा. अपक्षाला तुम्ही देणगी दिली तर कवडीची सवलत नाही. न लढणाऱ्या पक्षाला आहे, लढणाऱ्या माणसाला नाही.

एबी_फॉर्म_वंचित

साहेब, हे मला आज कळलं. माझ्या मित्रांनी मला दिलेले पैसे त्यांच्या करपात्र उत्पन्नातूनच गेले तर.

सातपूर_बी_शिफ्ट

अंबडचे चांगले पगारदार म्हणजे आमचे मॅनेजर. नावं सांगता का?

सीए_कॉलेजरोड

नाही.

अभ्यासू_कार्टं

मी एका आमदारांकडे अधिवेशनापुरतं बिनपगारी काम केलंय, म्हणून बोलतो. आमदाराला पैशापेक्षा माणूस हवा असतो. लक्षवेधी (मंत्र्याचं एखाद्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी सूचना) लिहायची, जुने शासन निर्णय शोधायचे, अर्थसंकल्पाचे ते जाडजूड खंड वाचायचे. पीए लग्नाची आमंत्रणं आणि बदल्यांची पत्रं सांभाळतो, तो हे कधी करणार? दिल्लीत पीआरएस नावाची संस्था खासदारांना वर्षभरासाठी एकेक तरुण अभ्यासक जोडून देते, पण ती सरकारी नाही. आपल्या राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली. सरकारी पैशातून हुशार मुलं घेतली, चांगलीच गोष्ट. पण ती मुलं सरकारकडे. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या आमदाराकडे कोण?

वकीलबाई_निफाड

याला जोडून. सरकारला प्रश्न विचारणाऱ्यासाठी आपल्याकडे खरी सरकारी तरतूद एकच, विरोधी पक्षनेत्याची. त्याचा १९७८ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, मंत्र्याच्या बरोबरीने पगार-सुविधा. कायद्यात दहा टक्क्यांचा आकडा नाही, सर्वांत मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच. पण संकेत दहा टक्क्यांचा धरला आणि २०२४ च्या निकालात कोणत्याही विरोधी पक्षाकडे २९ आमदार नव्हते, सर्वांत मोठ्याकडे २०. पद रिकामं. संसदेतही १९९८ च्या कायद्याने पक्षनेत्याला आणि मुख्य प्रतोदाला फोन, लेखनिक मिळतात, पण लोकसभेत पक्ष म्हणून ५५ सदस्य हवेत, गट म्हणून निदान ३०. सगळी मदत मोठ्यांना. अपक्ष तर मोजपट्टीतच नाही.

गोदाकाठ

एवढं वाचल्यावर माझं म्हणणं जरा नेमकं करतो. रोख नकोच. निवडून आलेल्या प्रत्येक आमदाराला, पक्षाचा असो की अपक्ष, विधानमंडळाच्या आस्थापनेवरचा एक संशोधन सहायक. नेमणूक परीक्षेतून, पगार थेट सहायकाच्या खात्यात, आमदाराचा भाचा-पुतण्या चालणार नाही. पक्ष फुटला तर सहायक आमदाराबरोबर, म्हणजे वकीलबाईंचा धनादेशाचा प्रश्नही मिटला. आणि सरकारला लेखी पाठिंबा दिलेल्या अपक्षाला दुसरा जादा सहायक मिळणार नाही, तो खऱ्या विरोधकालाच.

तर्रीवाला

परीक्षा कोण घेणार? पेपर फुटला तर?

सातपूर_बी_शिफ्ट

माणूस द्यायला माझी हरकत नाही. पण २८८ अधिक विधान परिषदेचे ७८. आधी दोन वर्षं फक्त अपक्षांना आणि दहाहून कमी आमदार असलेल्या पक्षांना देऊन बघा. किती प्रश्न विचारले ते छापा. नाही विचारले तर काढून घ्या.

मृण्मयी_जे

@सातपूर_बी_शिफ्ट, पहिल्याच प्रतिसादात "साफ नाही" म्हणाला होतात!

सातपूर_बी_शिफ्ट

पैशाला साफ नाहीच आहे.

अभ्यासू_कार्टं

प्रश्नांची संख्या मोजू नका. मग आमदार चारशे फालतू प्रश्न टाकतील. एक नीट लिहिलेली लक्षवेधी त्या चारशेंना भारी असते.

एबी_फॉर्म_वंचित

आणि माझी मतदार यादी? निवडून आलेल्यांची सोय सगळ्यांनी लावली, उभा राहणारा पुन्हा बाहेरच.

गोदाकाठ

त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

नवीन_सभासद_नाशिकरोड

वाचनमात्र होतो, खाते आजच उघडले. @सीए_कॉलेजरोड सर, माझ्या मोठ्या भावाने मागच्या वर्षी ८० जीजीसीखाली एका पक्षाला देणगी दाखवली आहे. पक्षाचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. अजून नोटीस नाही. काय करावं?

सीए_कॉलेजरोड

नोटीस यायच्या आत अपडेटेड रिटर्न भरून ती वजावट काढून टाका. कर, व्याज आणि वर जादा कर लागेल, पण सुटाल. रोख परत आलेले पैसे खर्च केले नसतील तर तेच भरायला वापरा. आणि भावाला म्हणावं, पुढच्या वेळी देणगी द्यायचीच असेल तर निदान चिन्ह तरी बघून दे.

तर्रीवाला

तुतारी असेल तर दोनदा बघ म्हणावं.